अजिंक्यताऱ्यावर, १३ एप्रिल १७००

तुम्ही मंगळाईच्या बुरुजाजवळ उभे आहात आणि खाली सातारा शोधताय. सापडणार नाही. ना राजवाडा, ना पोवई नाका. करंज्याच्या बाजूला मात्र नजर पोचेल तिथवर तंबू आहेत. ऐंशी उलटून गेलेला औरंगजेब डिसेंबरपासून तळ ठोकून बसलाय. त्याच छावणीत संभाजीराजांचा मुलगा शाहू कैदेत आहे. वय सतरा.

गडावरचं धान्य संपत आलंय. राजाराममहाराज सिंहगडावर वारले, त्याला दीड महिना होत आला. तरी किल्लेदार प्रयागजी प्रभू हटलेले नाहीत. तटाखाली तरबियतखानाने सुरुंग पेरलेत. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, तेव्हा बुरुजापासून लांब व्हा.

पहिला सुरुंग उडतो. तट आत ढासळतो आणि प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले जातात. बाहेरची फौज हल्ल्याला टपलेली असतानाच दुसरा उडतो. या वेळी तट बाहेर, त्यांच्याच अंगावर! डोळ्यांत धूळ, कानात नुसता घुमारा. दोन हजारांच्या आसपास मोगल मेले म्हणतात. इकडे गडकरी हातांनी दगडमाती उपसतायत. प्रयागजी जिवंत निघतात. कादंबरीत वाचलं असतं तर तुम्ही लेखकाला हसला असता.

पण जल्लोष आवरा. आठवड्याभरात, २१ एप्रिलला, गड मोगलांना द्यावा लागतो. ते त्याला आझमतारा म्हणतात. पुढे राजाराममहाराजांच्या पत्नी ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला.

आता १७०७ संपतानाच्या दिवसांत या. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेला शाहू गादीवर हक्क सांगत गडाच्या पायथ्याशी आहे आणि वर ताराबाईंचे परशुरामपंत प्रतिनिधी दरवाजे लावून बसलेत. या वेळी सुरुंग नाही. किल्लेदार शेख मिऱ्याची बायकामुलं वाईत होती. शाहूने ती धरून आणवली आणि तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असं सांगतात. मिऱ्याने प्रतिनिधींनाच कैद करून दरवाजा उघडला. आपण शाहूंच्या मवाळपणाचं कौतुक करतो, तेव्हा ही गोष्ट हळूच गाळतो.

१२ जानेवारी १७०८ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. पण डोंगरमाथ्यावर राजधानीला पुरेशी जागा कुठली! शाहू खाली उतरले आणि पेठा आखायला लागले.