कर्करोगग्रस्त बालक, त्याचे कुटुंब आणि स्वयंसेवी साहाय्य

२२ मे १९४८ रोजी रात्री अमेरिकेतील एका लोकप्रिय नभोवाणी-कार्यक्रमाचे सूत्रधार राल्फ एडवर्ड्‌स यांनी बोस्टनच्या बालरुग्णालयात खिळून पडलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाशी संभाषण केले. मुलाचे खरे नाव श्रोत्यांस सांगण्यात आले नाही. त्यास ‘जिमी’ म्हणण्यात आले. तुझे आवडते खेळाडू कोणते, असे विचारताच तो बोस्टन ब्रेव्हज या बेसबॉल-संघातील एकेकाचे नाव घेऊ लागला, आणि ज्याचे नाव घ्यावे तो खेळाडू प्रत्यक्ष त्याच्या खोलीत येऊ लागला. वीस हजार डॉलर जमल्यास सामने पाहण्यासाठी जिमीला दूरचित्रवाणी-संच मिळेल, असे आवाहन करण्यात आले. वर्षअखेर दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. ‘जिमी फंड’ या नावाने पुढे विख्यात झालेल्या निधीचा पाया तो हाच.

बालकांच्या कर्करोगासाठी लोकवर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थांचा इतिहास बहुधा या प्रसंगापासून सांगितला जातो. तो तसा सांगण्यास हरकत नाही. परंतु त्यामुळे एक प्रश्न झाकला जातो. हा मुलगा मेन राज्याच्या उत्तर टोकाकडील न्यू स्वीडन या खेड्यातल्या शेतकरी घरातला होता. तेथून बोस्टन शेकडो मैल दूर. अशा मुलावर उपचार चालू असताना त्याच्या आईवडिलांनी राहावयाचे कोठे? त्या काळच्या बालरुग्णालयांत पालकांस ठरावीक वेळीच भेटू देण्याची प्रथा सर्वसाधारण होती. निधीच्या आवाहनात बालक होते, रोग होता, संशोधन होते. कुटुंब त्या चित्रात यावयास आणखी पाव शतक जावे लागले. हा विलंब का झाला, याचे उत्तर दात्यांच्या वृत्तीत शोधण्यापेक्षा उपचाराच्या कालमानात शोधणे अधिक युक्त होईल.

सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने पीडित अशा सोळा बालकांस अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले आणि त्यांपैकी दहांच्या प्रकृतीस तात्पुरता उतार पडल्याचे जून १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. ‘तात्पुरता’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. (या औषधाच्या पूर्वेतिहासाचा एक धागा मुंबईशी जुळतो. ल्युसी विल्स यांनी येथील गिरणी-कामगार स्त्रियांच्या गर्भारपणातील पांडुरोगाचा अभ्यास करून १९३१ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांतून फॉलिक आम्लाच्या शोधाची दिशा मिळाली. आणि त्या आम्लाचा प्रतिरोध करणारी द्रव्ये फार्बर यांस पुरविली ती येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या संशोधक-गटाने.) उतार पडलेली बहुतेक बालके काही महिन्यांत दगावत. जेथे आयुष्याची गणना आठवड्यांत होते, तेथे कुटुंबाच्या दीर्घ निवासाचा प्रश्न उद्भवतच नाही. पैसा संशोधनाकडे जावा, हेच त्या क्षणी दात्यांस स्वाभाविक वाटले.

वर्गणी गोळा करणारे व्हरायटी क्लबचे सभासद हे नाट्य व चित्रपट व्यवसायातील लोक होते. या क्लबची उत्पत्तीही चमत्कारिक आहे. १९२८ साली नाताळच्या आदल्या रात्री पिट्सबर्गच्या एका नाट्यगृहात कोणी तान्ही मुलगी सोडून गेले. क्लबाच्या अकरा सभासदांनी तिचा भार उचलला आणि परोपकार हेच मग क्लबाचे कार्य होऊन बसले. प्रेक्षकांपुढे डबा फिरविण्याची कला या मंडळींस उपजतच अवगत होती. १९५३ मध्ये ब्रेव्हज संघ बोस्टन सोडून मिलवॉकीस गेला, तेव्हा रेड सॉक्स या दुसऱ्या संघाने निधीचे पालकत्व पत्करले. टेड विल्यम्स हा त्यांचा ख्यातनाम खेळाडू गाजावाजा न करता मुलांस भेटत असे.

‘जिमी’ हे व्याकरणदृष्ट्या विशेषनाम. परंतु व्यवहारात ते सामान्यनाम झाले. त्या रुग्णालयातील प्रत्येक आजारी मूल म्हणजे जिमी, असा अर्थ त्यास प्राप्त झाला. मूळ मुलगा वारला असावा असाच लोकांचा समज होता. वस्तुतः आयनर गुस्ताफसन बरा होऊन घरी गेला, संसारास लागला, मालमोटारी चालवू लागला, आणि १९९८ मध्ये, पन्नास वर्षांनी, जगापुढे आला. २००१ मध्ये तो निवर्तला. आडनाव, गाव, आईबाप यांवाचूनचे नाव हे निधीस सोयीचे होते यात शंका नाही. पण ज्या नावास आडनाव नाही, त्यास घरही नसते. फार्बर यांस मात्र कुटुंबाचा विसर पडला होता असे म्हणता येणार नाही. औषधोपचार, आहार, समुपदेशन आणि आर्थिक अडचणींची दखल ही सर्व एकाच व्यवस्थेची अंगे मानणारी त्यांची समग्र परिचर्येची कल्पना त्याच काळातील होय.

१९६२ मध्ये मेम्फिस येथे डॅनी थॉमस या नटाच्या पुढाकाराने सेंट ज्यूड रुग्णालय उघडले. अरब वंशाच्या अमेरिकी नागरिकांनी १९५७ मध्ये स्थापिलेली संस्था त्यासाठी निधी जमवीत होती. कुटुंबाकडून उपचाराचे देयक घ्यावयाचे नाही, हे त्याचे तत्त्व. तेथे डोनाल्ड पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक औषधे व किरणोपचार यांची सांगड घातली आणि १९७० च्या सुमारास रक्ताच्या कर्करोगाची निम्मी बालके बरी होऊ शकतात असे दाखविले. मात्र हा उपचार दोन-तीन वर्षे चालणारा. यशानेच नवी अडचण उभी केली: जे मूल पूर्वी वाचत नसे ते आता वाचू लागले, पण त्यासाठी आईबापांपैकी एकास घर, शेत, नोकरी आणि इतर मुले सोडून परगावी राहणे प्राप्त झाले.

यानंतरच्या संस्थांचे स्वरूप पालटते ते याच कारणाने. १९७० मध्ये वॉशिंग्टन येथे पालकांनीच ‘कॅन्डललायटर्स’ हा संघ काढला. कुटुंब आता दानाचा विषय न राहता संघटनेचा कर्ता झाले. फिलाडेल्फियात ऑड्री इव्हान्स या डॉक्टर बाई पालकांना रुग्णालयातील खुर्च्यांवर रात्र काढताना पाहत. फुटबॉलपटू फ्रेड हिल यांच्या कन्येस रक्ताचा कर्करोग झाला असता त्यांच्या ईगल्स संघाने निधी जमविला, मॅक्डोनल्ड्‌सच्या स्थानिक विक्रेत्यांनी दुग्धपेयाच्या विक्रीचे उत्पन्न दिले, आणि १५ ऑक्टोबर १९७४ रोजी सात शयनगृहांचे एक जुने घर पालकांसाठी खुले झाले. घरास कंपनीच्या विदूषकाचे नाव पडले. अशा दानात जाहिरातीचा भाग असतोच आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि, खुर्चीवर झोपणाऱ्या आईस त्या नावाची अडचण वाटली नसावी.

महाराष्ट्रात मात्र हा क्रम उलटा दिसतो. येथे नातेवाइकाच्या निवाऱ्याचा विचार आधीच झालेला होता. गाडगे महाराजांच्या प्रेरणेने १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली, म्हणजे फिलाडेल्फियातील घराच्या वीस वर्षे अगोदर. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून चालू होते. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा त्याच्या रुग्णांचा मोठा आधार झाली. परंतु धर्मशाळेची कल्पना वारकऱ्याच्या मुक्कामावर बेतलेली. मुक्काम म्हणजे चार दिवसांचा. दोन वर्षांचा मुक्काम त्या शब्दात बसत नव्हता आणि त्या इमारतीतही बसत नव्हता. शिवाय औषधांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या बालकास गर्दीतला संसर्ग रोगाइतकाच घातक; मग पदपथाची गोष्ट काय सांगावी?

२००९ च्या सुमारास टाटा रुग्णालयात आलेल्या बालरुग्णांपैकी सुमारे एक-पंचमांश बालकांचे उपचार नाकारले जात वा अर्धवट सुटत. औषध होते, डॉक्टर होते. जागा, भाडे आणि शिधा नव्हता. रुग्णालयाने आणि त्यास जोडून काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनी द्रव्य, निवास, आहार व पाठपुरावा यांची व्यवस्था लावल्यावर दशकाच्या आत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. यांतील निवासाचा मोठा भाग २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने उचलला. मेम्फिसच्या रुग्णालयाशी तिचे नाते केवळ नामसाम्याचे. आरंभी आठ कुटुंबांची सोय होती. पुढे कॉटन ग्रीन येथील मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींत तिने मोठे केंद्र उभारले. उपचार संपेपर्यंत राहता येईल अशी प्रत्येक कुटुंबाची वेगळी, स्वच्छ जागा तेथे असते, आणि स्वयंपाकघर सामाईक असले तरी प्रत्येक आई आपल्या मुलासाठी आपल्याच हाताने रांधते.