आपत्ति आणि उपकारस्तुति

'कृतज्ञ' हा शब्द आपण नित्य योजतों. परंतु त्याचा विग्रह सहसा ध्यानांत घेत नाहीं. 'कृत' म्हणजे केलेलें, तें जो जाणतो तो कृतज्ञ. म्हणजे मूळ अर्थ आभार मानण्याचा नसून जाणण्याचा आहे. मराठी ख्रिस्ती समाजांत या भावनेस 'उपकारस्तुति' असा शब्द रूढ आहे. बायबलाच्या मराठी भाषांतरांतून तो प्रार्थनेच्या भाषेंत स्थिरावला. एका शब्दाचा भर जाणण्यावर, तर दुसऱ्याचा उच्चारण्यावर. घोर आपत्तींतून वांचलेल्या माणसानें काय जाणावें आणि कशाची स्तुति करावी, या प्रश्नाचा एक ऐतिहासिक दाखला येथें तपासावयाचा आहे.

निमित्त तळीयेचें. दि. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील या गांवच्या कोंढाळकर वाडीवर डोंगराचा कडा कोसळला व ऐंशींहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. त्याच सुमारास महाबळेश्वरीं चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि तेथें उगम पावणारी सावित्री महाड शहरांत शिरली. या खोऱ्यास हा प्रसंग नवा नव्हता. जुलै २००५ मध्यें दासगांव, जुई, रोहन, कोंडिवते या गांवांनीं तेंच दुःख भोगलें होतें. अशा वेळीं वांचलेल्यांच्या तोंडून एकच वाक्य निघतें, "देवानें वांचविलें." तें खरें मानावें, तर शेजारच्या घरांतील माणसांस कोणीं मारिलें, हा प्रश्न लागलाच उभा राहतो.

सावित्री बाणकोटास समुद्रास मिळते. तेथें १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनीं आपलें पहिलें ठाणें घातलें. त्यांतील पहिले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षीं निवर्तले. परंतु महाड-पोलादपुरांत ख्रिस्ती वस्ती विरळच राहिली. आपल्या प्रश्नाचा पूर्ण दाखला घाटावर, केडगांवीं, पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत सांपडतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ असून पुराण सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत. दक्षिणेंतील दुष्काळांत हें कुटुंब अन्नान्न झालें. १८७४ च्या सुमारास पिता, त्यांच्यामागून माता व नंतर वडील बहीण अशीं तिघें गेलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास तेवढे उरले. दोघें पायीं देश तुडवीत १८७८ त कलकत्त्यास पोंचलीं. १८८३ त इंग्लंडांत वाँटेज येथें बाईंनीं ख्रिस्ती दीक्षा घेतली आणि १८८९ त मुंबईस शारदासदन काढिलें. तें पुढच्याच वर्षीं पुण्यास आलें.

१८९६ त मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. बाई स्वतः तेथें गेल्या, आणि उपाशी मुली व विधवा यांस घेऊन परतल्या. त्यांची संख्या तीनशेंच्या घरांत होती. पुण्यांत प्लेगचे निर्बंध असल्यामुळें त्यांना केडगांवच्या माळावर उतरविलें, आणि तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. गुजराथेंत ज्यास 'छप्पनियो' म्हणतात त्या १८९९-१९०० च्या दुष्काळांत तिकडील मुली आल्या, व आश्रितांची संख्या दीड हजाराच्या पलीकडे गेली.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. आपल्या घराची दुष्काळांतील दशा बाईंनीं पुढें स्वतः लिहून ठेविली आहे. परंतु त्यांची उपकारस्तुति दुष्काळाबद्दल नव्हती. मातापित्यांचा मृत्यु हा त्यांना उपकार वाटला नाहीं. 'मी उरलें' एवढेंच त्यांनीं जाणलें, आणि ज्या दारीं स्वतः उपाशी उभ्या राहिल्या होत्या, तें दार वीस वर्षांनीं दुसऱ्यांसाठीं उघडलें. आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्य ऋण घेऊनच जन्मतो असें सांगितलें आहे. बाईंनीं आपलें जगणें तसेंच ऋण मानिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. सुटलेल्या मुलीही पुढें दळण, विणकाम, शुश्रूषा करूं लागल्या. बाईंच्या मराठी बायबलाच्या छपाईचें कामही त्यांच्याच हातून झालें.

या चित्रास दुसरी बाजू आहे, ती लपविणें इतिहासास शोभणार नाहीं. १८९३ त धर्मांतराच्या वादावरून न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनीं शारदासदनाच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला होता. केडगांवची संस्था तर उघडच ख्रिस्ती होती. जिनें अन्न घातलें तिचाच देव त्या पोरक्या मुलीनें स्वीकारला, तर ती कृतज्ञता कीं परावलंबन? याचें एकच उत्तर सर्वांस लागू पडणार नाहीं. परंतु बाईंस दोष देतांना एवढें विसरूं नये कीं, त्या माळावर आपण पोंचलों नव्हतों.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १८९७ त पुण्याच्या प्लेग-इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयीं बाईंनीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत जाहीर तक्रार केली. प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेलें. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं आरोप नाकारले. बाई राज्यकर्त्यांच्याच धर्माच्या होत्या. इंग्लंड-अमेरिकेंतील मित्रांच्या द्रव्यावर संस्था चालत होती. तरीही त्या गप्प राहिल्या नाहींत. देवाची स्तुति करणारें तोंड सरकारास जाब विचारण्यास मोकळें होतें. 'कृत' जाणावयाचें, तर जें केलें तेंही जाणावें आणि जें करावयाचें राहिलें तेंही.

तळीयेच्या लोकांस घरें बांधून देण्याचें काम म्हाडाकडे सोंपविलें गेलें. घर हाती येतांच हात जोडावेत, आणि पुढें कांहीं विचारूं नये, अशी अपेक्षा देणाऱ्यांच्या मनांत नकळत उत्पन्न होते. आश्रितानें गप्प राहणें यास आपण कृतज्ञता म्हणतों. केडगांवचा दाखला याच्या विरुद्ध साक्ष देतो. वांचलेल्यानें देवाचे उपकार जरूर मानावेत. परंतु वरचा डोंगर पुन्हां कोसळेल काय, हें विचारण्याचा त्याचा अधिकार त्यामुळें उणा होत नाहीं. जे मातीखालीं राहिले त्यांचें ऋण त्या प्रश्नानेंच अंशतः फिटतें.