जागा असेल तर बातमी

स्थानिक हार्ड रॉक बँडच्या बातमीत मुळात तीनच गोष्टी महत्त्वाच्या असतात: कार्यक्रम कुठे, कधी आणि तिकीट केवढ्याला. ड्रमर बदलला, नवं गाणं बांधलं, हा मजकूर त्यामागून येतो. म्हणून मुंबई परिसरातल्या रॉकचा इतिहास जागांवरून लिहायला हवा. अल्बम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. 1984 साली मुंबईत सुरू झालेल्या रॉक मशीनची पहिली ध्वनिफीत 1988 मध्ये आली. म्हणजे चार वर्षं या बँडचं नाव टिकलं ते मंचावरच. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला आणि धोबीतलावचं रंगभवन, जिथे 1978 मध्ये जॅझ यात्रा झाली होती, ते गिटारवाल्यांचंही ठिकाण झालं. ठरलेली जागा आणि दरवर्षीचा कार्यक्रम असला की कोण वाजवणार याची चर्चा आपोआप होते. 1993 मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघालं ते मुंबईतून नाही, अलाहाबादेतून. तरी त्याला मजकूर मिळाला, कारण महाविद्यालयांच्या महोत्सवांमधून बँड वाजत होते.

पुढे 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालयं आणि शाळा-महाविद्यालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि त्यात येणाऱ्या रंगभवनाचा आवाज बसला. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. रुग्णाला झोप हवीच. पण गेलेल्या जागेच्या बदल्यात तशीच स्वस्त, खुली जागा कुणी दिली नाही. कार्यक्रम अंधेरीकडे सरकले, मग पबमध्ये गेले, आणि तिथे विद्यार्थ्याच्या खिशाचा प्रश्न आला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की रॉक ही दक्षिण मुंबईतल्या इंग्रजाळलेल्या पोरांची हौस. पनवेलजवळच्या आमच्या कळंबोलीसारख्या वस्तीत तिला कोण विचारतो? सिडकोची स्थापना 1970 ची. तिने आखलेल्या नव्या शहरात कळंबोलीच्या वाट्याला लोखंड बाजार आला, ट्रक आले, पुढे पुण्याला जाणारा द्रुतगती मार्गही इथूनच सुटला. अशा वस्तीत विजेच्या गिटारीला कान नसतील, असं मानणं सोपं आहे. पण पनवेल तालुक्यातली कुठलीही हळद पाहा. बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्पीकरची भिंत. त्यापुढे भले भले मेटलवाले मवाळ वाटतील. या बेंजो पार्ट्या स्थानिक बँडच आहेत. हळदी, मिरवणुका आणि गणपती त्यांना हमखास सुपारी देतात, म्हणून त्यांची खबर गावोगाव पोचते. रवी जाधव यांनी 2016 मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला तो या वादकांवरच. तेव्हा अडचण आवडीची नाही. हार्ड रॉक वाजवणाऱ्या चौघांना अशी ठरलेली सुपारी नाही, एवढाच फरक.

जागा नाही म्हटलं की उत्तर नेरूळचं दिलं जातं. कळंबोलीजवळच्या मानसरोवर स्थानकापासून चार स्थानकांवर डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. तिथे 15 डिसेंबर 2019 ला यू टू आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले वाजवून गेले. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण हजारोंच्या मैदानात शंभर श्रोत्यांचा बँड उभा राहत नाही, आणि पाहुणे गेल्यावर त्यांची बातमीही त्यांच्याबरोबर जाते. मोबाईलवर गाणं टाकता येतं हेही खरंच. मात्र ते गाणं पाहणाऱ्यांपैकी कळंबोलीत संध्याकाळी येऊन उभे किती राहतील, हे मंच मिळाल्याशिवाय कळत नाही.

कळंबोली जिच्या हद्दीत येते ती पनवेल महापालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली. पनवेल शहरात वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, आणि नाटकांना तिथल्या तारखा आधी मिळाव्यात हे रास्तच. तरीही महिन्यातली आडवारची एक संध्याकाळ, रात्री दहाच्या आत, नाममात्र भाड्याने स्थानिक बँडना द्यावी, अशी महापालिकेला विनंती आहे.