विझिंजमच्या लाटा आणि आपला हिशेब

तिरुवनंतपुरमजवळचे विझिंजम आज कंटेनर बंदरामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या बंदराचे लोकार्पण २०२५ साली झाले. परंतु त्याच गावातील मच्छीमार बंदराच्या लाटारोधक भिंतीलगत १९९१ साली शासनाने एक निराळाच प्रयोग केला होता, हे फारच थोड्यांच्या स्मरणात असेल. समुद्राच्या लाटांपासून वीज निर्माण करण्याचा तो प्रयोग होता.

या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. एडिंबरा विद्यापीठातील स्टीफन सॉल्टर यांचा या विषयावरील लेख १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश सरकारने संशोधनासाठी निधी दिला आणि तेलाची धास्ती ओसरताच १९८२ मध्ये तो बहुतांशी आखडता घेतला. गंमत अशी, की नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे १९८१ साली स्थापन झालेल्या महासागर विकास विभागाच्या अर्थसाहाय्याने मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हे काम सुरू झाले.

विझिंजमची रचना समजण्यास सोपी आहे. सुमारे ३००० टनांची काँक्रीटची पोकळ पेटी समुद्रतळावर बसविली. लाट आत शिरली की पेटीतील पाणी वर चढते आणि वरची हवा बाहेर रेटते. लाट ओसरली की हवा पुन्हा आत ओढली जाते. लोहाराच्या भात्यासारखेच हे. अडचण एवढीच, की वारा एकदा इकडून आणि एकदा तिकडून येतो. बेलफास्टच्या ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात शोधलेली टर्बाइन हवा कोणत्याही बाजूने आली तरी एकाच दिशेने फिरते. तीच येथे वापरली गेली. जनित्राची क्षमता १५० किलोवॅट होती आणि वीज केरळ राज्य वीज मंडळाच्या जाळ्यात जात असे. पुढे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे हे काम आले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबतो. पेटी बांधावी लागते ती वादळातल्या सर्वांत मोठ्या लाटेसाठी. उत्पन्न मात्र मिळते रोजच्या मध्यम लाटेपासून. आपल्या अक्षांशांवर ही रोजची लाट स्कॉटलंड वा पोर्तुगालच्या मानाने दुबळी आहे. शिवाय ती जोरावर असते जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमके केरळची धरणे भरत असताना. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात जेव्हा विजेची खरी निकड असते, तेव्हा समुद्र शांत असतो. ज्या राज्यात ७८० मेगावॅटचे इडुक्की आहे, तेथे पावसाळ्यातील या किलोवॅटांचे मोल ते काय?

म्हणून प्रयोग वाया गेला, असे मात्र माझे मत नाही. वीज महाग पडली तरी समुद्रात यंत्र टिकवायचे कसे, याचे शिक्षण त्यातून मिळाले. २००४ मध्ये तेथे दिवसाला १०,००० लिटर खारे पाणी गोडे करण्याची सोय याच ऊर्जेवर करण्यात आली. हा विचार मला अधिक शहाणपणाचा वाटतो; पाणी साठविता येते आणि अनियमित विजेचा दोष त्यात झाकला जातो.

दुसरा मार्ग खर्च वाटून घेण्याचा. लाटारोधक भिंत बंदरासाठी बांधावीच लागते. तिच्यातच दालने ठेवली तर विजेच्या माथी केवळ वाढीव खर्च पडतो. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील मुत्रिकू येथे २०११ साली असेच १६ टर्बाइनांचे, सुमारे ३०० किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. आपल्याकडेही शास्त्रज्ञांना ही कल्पना अपरिचित नव्हती. पण बंदरे एका खात्याकडे, महासागर दुसऱ्याकडे आणि वीज राज्याच्या मंडळाकडे! सामाईक खर्चाची विभागणी कोणत्या लेखाशीर्षात करायची, या प्रश्नापाशी आपल्या कित्येक चांगल्या योजना अडतात, हे शासकीय सेवेतील वाचकांना सांगायला नकोच.

मुत्रिकू सुरू झाले त्याच २०११ साली विझिंजमचे केंद्र मोडीत निघाले. केंद्र शासनाने लाटा, भरती-ओहोटी आणि सागरी उष्णता यांपासूनच्या विजेला नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता देऊन वीज मंडळांच्या बंधनकारक खरेदीत धरण्यास मुभा दिली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. तोवर विझिंजमची टर्बाइन थांबून आठ वर्षे लोटली होती.