जाणारे टपाल का अडते? परळच्या लाल पेटीपासून ई-मेलच्या ‘आउटबॉक्स’पर्यंत

१/
संगणकावरील ई-मेल प्रोग्रॅममध्ये आलेली पत्रे बिनदिक्कत उतरतात. लिहिलेले पत्र मात्र ‘आउटबॉक्स’मध्ये पडून राहते. आउटलुक एक्सप्रेसच्या दिवसांपासून ही तक्रार ऐकू येत आली आहे. जोडणी तीच, खाते तेच, पासवर्डही तोच. मग येणाऱ्या टपालाचे दार उघडे आणि जाणाऱ्याचे बंद, असे का? उत्तर इतिहासात आहे, आणि ते समजून घेण्यास परळच्या टपालापासून आरंभ करणे सोयीचे.

२/
परळ, लालबाग, शिवडी, काळाचौकी या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार राहत असे. तो गिरणीत, आईवडील, बायकामुले बहुधा गावी. चाळीतल्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या टपालावर गावाकडची चूल अवलंबून असे. हे टपाल मुख्यतः दोन प्रकारचे होते: पोस्टकार्ड आणि मनीऑर्डर. या दोहोंतील फरक नीट पाहिला, तर ई-मेलचे अर्धे कोडे उलगडते.

३/
पोस्टकार्ड लाल पेटीत टाकताना कोणी नाव विचारत नसे. पाठवणाऱ्याने खाली कोणाचीही सही केली तरी पेटीला त्याचे सोयरसुतक नव्हते. मनीऑर्डरीचे तसे नव्हते. खिडकीशी उभे राहा, फॉर्म भरा, स्वतःचे नाव-पत्ता लिहा, पैसे मोजून द्या, पावती घ्या. गावी पैसे घेणाऱ्याची सही वा अंगठा घेतला जाई आणि ती पोच परत परळला येई. १८८० साली भारतीय टपाल खात्याने ही सेवा सुरू केली होती.

४/
पेटी इतकी विश्वासू कशी? कारण पोस्टकार्डाचे मूल्य आधीच चुकते झालेले असे. भारतात १८५४ च्या कायद्याने अंतरानुसार आकारणी जाऊन एकसमान दर आणि तिकिटे आली. तिकीट न लावलेले पत्र ‘बैरंग’ ठरे आणि घेणाऱ्याला दुप्पट आकार भरावा लागे. खर्च पाठवणाऱ्यावर आहे, म्हणून हजारो निरर्थक पत्रे पेटीत कोणी टाकणार नाही, हा या व्यवस्थेचा अलिखित आधार होता. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

५/
पत्र योग्य ठिकाणी जाण्याचा प्रश्न निराळा. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, अस्पष्ट अक्षर, यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. परळचा पिन ४०००१२: पहिल्या आकड्याने विभाग, पहिल्या तिहींनी मुंबई, शेवटच्या तिहींनी परळचे टपाल कार्यालय कळते. ई-मेलच्या पत्त्यातील ‘@’ नंतरचा भाग असेच काम करतो.

६/
आता १९८२ साल. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार थांबले, त्याबरोबर गावी जाणारी मनीऑर्डरही. अनेकांनी गावची वाट धरली. संप चालू असतानाच, ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत जॉन पोस्टेल यांनी ‘सिंपल मेल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’, म्हणजे एसएमटीपी, हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. पुढे याच गिरण्यांच्या आवारात उभी राहिलेली कार्यालये त्याच नियमांनी पत्रे पाठवणार होती.

७/
एसएमटीपी म्हणजे दोन संगणकांमधील संभाषण. पहिला ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’: पत्र कोणाकडून. ‘आरसीपीटी टू’: कोणाला. ‘डेटा’: मजकूर. शेवटी ‘क्विट’. या मूळ संभाषणात ‘तुम्ही खरोखर तेच आहात का?’ हा प्रश्न कोठेही नाही. पाठवणाऱ्याने जे नाव सांगितले, ते खरे मानायचे. परळच्या लाल पेटीचाच हा न्याय.

८/
पत्र घेण्याची व्यवस्था वेगळी झाली. १९८४ साली त्याच संस्थेतील जॉइस रेनल्ड्स यांनी ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजे पीओपी, मांडला. सर्व्हरवर साठलेली पत्रे मालकालाच मिळावीत, म्हणून त्यात पहिल्यापासून नाव आणि पासवर्ड विचारला जाई. म्हणून ई-मेल प्रोग्रॅममध्ये ‘इनकमिंग’ आणि ‘आउटगोइंग’ असे दोन सर्व्हर स्वतंत्र भरावे लागतात. घरमालक दोन, नियम दोन. एक बरोबर भरला म्हणून दुसरा बरोबर ठरत नाही.

९/
एवढा विश्वास का ठेवला गेला? कारण त्या जाळ्यावर विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि लष्करी संस्था होत्या; माणसे एकमेकांना ओळखत. धोक्याची जाणीव मात्र होती. स्वतः पोस्टेल यांनीच १९७५ साली नकोशा पत्रांच्या प्रश्नावर टिपण लिहिले होते. १९७८ च्या मे महिन्यात एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकदम जाहिरात पाठवली आणि गदारोळ झाला. पेटी उघडी होती. पण या पेटीसाठी तिकीटच नव्हते.

१०/
भारतात १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे हाती घेतले. त्यातील आरंभीचा ई-मेल व्यवहार मुंबईतच, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि आयआयटी मुंबई यांच्यात, टेलिफोनवरून झाला. जोडणी सतत नसे. पत्रे रांगेत साठवायची, फोन लागला की एकदम धाडायची. ‘आउटबॉक्स’ ही कल्पना याच काळाची: पेटी भरते, पोस्टमन आला की रिकामी होते.

११/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी, पिनकोडाच्या बरोबर तेवीस वर्षांनी, विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. एमटीएनएलच्या फोनवरून मोडेम जोडायचे आणि निगमच्या सर्व्हरपर्यंत पोचायचे. मुंबईच्या ग्राहकांच्या पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१’ असे सर्व्हरचे नाव येई. ‘बीएम’ म्हणजे बॉम्बे. त्याच वर्षी शहराचे नाव मुंबई झाले, पण पत्त्यातला ‘बीएम’ राहिला. पत्ते सहसा माणसांपेक्षा सावकाश बदलतात.

१२/
तोवर जगभर उघड्या पेटीचा गैरवापर सुरू झाला होता. त्या काळातील बहुतेक सर्व्हर कोणाचेही पत्र कोणासाठीही पुढे नेत. याला ‘ओपन रिले’ म्हणत. परळच्या पोस्टमनने दादरचे पत्र सौजन्याने पोचते करावे, तसा हा प्रकार. जाहिरातदारांनी या सौजन्याचा फायदा घेतला. एका अनोळखी सर्व्हरवर लाखो पत्रे लोटायची; खर्च त्याचा, बदनामी त्याची. पाठवणाऱ्याला तिकीट नाही आणि खिडकीही नाही.

१३/
मग कड्या लागू लागल्या. १९९७ पासून उघड्या सर्व्हरांच्या काळ्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. १९९८ साली ‘सेंडमेल’ या सर्वाधिक प्रचलित प्रोग्रॅमने आपल्या ८.९ आवृत्तीत परक्यांचे टपाल वाहणे मुळातच बंद केले. चाळीतली दारे दिवसभर उघडी असत, कारण येणारा-जाणारा ओळखीचा असे. त्याच जागी मनोरा उभा राहिला की पहारेकरी वहीत नाव लिहायला सांगतो. ई-मेलने हा प्रवास एका दशकात केला.

१४/
परिणाम सामान्य ग्राहकाने भोगला. नोव्हेंबर १९९८ मध्ये भारतात खासगी इंटरनेट सेवादात्यांना वाट मोकळी झाली. आता एखाद्याचा पत्ता एका कंपनीचा आणि जोडणी दुसऱ्या कंपनीची असू शके. पत्रे उतरवताना पासवर्ड दिला जाई, म्हणून ती येत. पाठवताना जुना सर्व्हर विचार करी, ‘हा माझ्या तारेवरून आलेला नाही, म्हणजे परका.’ मग पडद्यावर येई ‘रिलेइंग डिनाइड’. बिघाड कोठेच नसे. पहारा चोख असे.

१५/
तोडगे निघाले. पहिला तात्पुरता होता: आधी पत्रे उतरवा, ओळख पटेल, मग काही मिनिटे पाठवण्याची मुभा. टिकाऊ उपाय डिसेंबर १९९८ चा: ग्राहकाकडून पत्र स्वीकारण्यासाठी स्वतंत्र खिडकी, पोर्ट ५८७. मार्च १९९९ मध्ये पाठवतानाही नाव-पासवर्ड देण्याची प्रमाण पद्धत आली. थोडक्यात, पोस्टकार्डाच्या पेटीशेजारी मनीऑर्डरीची खिडकी उघडली. ‘माय सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन’ ही प्रोग्रॅममधली छोटी चौकट म्हणजे त्या खिडकीचा फॉर्म.

१६/
जुनी खिडकी, पोर्ट २५, सर्व्हरांच्या आपसांतील टपालासाठी राहिली. विषाणूग्रस्त घरगुती संगणक तिथून रात्रंदिवस जाहिराती ओकू लागले, तेव्हा जगभरच्या अनेक सेवादात्यांनी ग्राहकांसाठी ती बंद केली. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये २५ हा आकडा राहिला, त्यांची पत्रे आउटबॉक्समध्ये गोठली. सांकेतिक जोडणीसाठी १९९७ साली नोंदलेले पोर्ट ४६५ मध्यंतरी रद्द ठरले आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा अधिकृत झाले. जुन्या आणि नव्या सूचनांत मेळ नसतो, तो यामुळे.

१७/
आणखी एक जुने गृहीतक अडते. १९८२ च्या एसएमटीपीला फक्त इंग्रजी अक्षरे वाहता येत. देवनागरी नाही, चित्रही नाही. १९९२ साली ‘माइम’ या पद्धतीने कोणतीही फाइल इंग्रजी अक्षरांच्या वेशात पाठवण्याची सोय केली. पण वेश जड असतो: जोडलेली फाइल सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या आसपास होते आणि २५ एमबीची मर्यादा असलेला सर्व्हर ती नाकारतो. पाठवणारा मात्र आपल्या २० एमबींकडे बोट दाखवत राहतो.

१८/
पुढचा पहारा पत्र गेल्यानंतरचा. २००६ साली एसपीएफ आणि २००७ साली डीकेआयएम ही प्रमाणे आली: या पत्त्याच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात आणि पत्रावरची मोहर खरी आहे का, हे घेणारा तपासू लागला. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ पासवर्डावर चालणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांना वैयक्तिक खात्यांत मज्जाव केला. तेव्हा दोन्ही दारे एकदमच बंद झाली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोहर नसलेल्या पत्रांबाबत अधिक कठोर धोरण घेतले.

१९/
म्हणून अडलेले पत्र वाचता आले पाहिजे. लक्षण पाहिले की इतिहासाचा थर कळतो.
– सर्व्हर सापडत नाही: पत्त्याचा प्रश्न. जाणाऱ्या सर्व्हरचे नाव तपासावे.
– बराच वेळ वाट पाहून जोडणी तुटते: २००० नंतरचा थर. २५ ऐवजी ५८७ किंवा ४६५ वापरावे.
– ‘रिलेइंग डिनाइड’, बहुधा ५५०: १९९८ चा थर. पाठवतानाची ओळखतपासणी सुरू करावी.
– ५३५: ओळख पटली नाही. पासवर्ड, किंवा २०२२ नंतरचा ‘अ‍ॅप पासवर्ड’.
– ५५२: फाइल जड.
– पत्र गेले आणि परत आले: पाठवणाऱ्याचे दार ठीक आहे, अडवणूक पुढच्या दारी आहे.

२०/
या आकड्यांतही १९८२ ची शिस्त आहे. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. तेथे सेटिंग न बदलता थांबावे. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘असे चालणार नाही’. तेथे पुन्हा पुन्हा ‘सेंड’ दाबणे व्यर्थ. पोस्टमनने परत आणलेल्या पत्रावर ‘घर बंद’ आणि ‘पत्ता चुकीचा’ हे शेरे वेगळे असतात. ते शेरे न वाचता तेच पत्र पुन्हा पेटीत टाकणारा माणूस तेव्हाही होता, आजही आहे.

२१/
या पहाऱ्याची किंमतही पाहिली पाहिजे. एके काळी एखादी छोटी संस्था स्वतःचा सर्व्हर ठेवून जगाला समान अधिकाराने पत्र लिहू शके. आज तिच्या नावावर मोहर नाही, यादीत पत नाही, म्हणून तिचे खरे पत्रही संशयित ठरते. बहुतेकांनी आपले टपाल मूठभर मोठ्या कंपन्यांकडे सोपवले आहे, ते यामुळेच. जाहिरातदारांनी लुटला तो विश्वास. त्याची भरपाई प्रामाणिक पत्रलेखक करत आहे.

२२/
परळच्या कामगाराला दोन्हींची गरज होती: कोणालाही न विचारता पत्र टाकण्याच्या पेटीची आणि पैसे सुखरूप पोचवणाऱ्या खिडकीची. टपाल खात्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, कारण पेटीच्या मागे तिकीट उभे होते. ई-मेलने तिकिटाशिवाय पेटी उघडली, आणि पुढची चाळीस वर्षे तिच्याभोवती खिडक्या बांधण्यात गेली. आउटबॉक्समध्ये अडकलेले प्रत्येक पत्र त्यांपैकी कोणत्या तरी खिडकीशी उभे असते. कोणत्या, हे ओळखले की ते पुढे सरकते.