लेथमधला इंच

जुना लेथ घ्यायला निघालेला हौशी माणूस आधी मोटार पाहतो, मग रंग. मी म्हणेन, आधी गिअरचे दात मोजा.

लाकूड कातणारा कातारी आपल्याकडे होताच. अरबीत त्याला खर्रात म्हणतात. हिंदी-उर्दूतला खराद त्याच गोतावळ्यातला. लोखंड कातणारे यंत्र मात्र आपल्याकडे विलायतेहून आले आणि नावाबरोबर तिथले मापही घेऊन आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कारखान्यांची भाषा फूट-इंचांचीच होती. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे मिळेनाशी झाली. १९४१ मध्ये किर्लोस्करांनी म्हैसूर संस्थानात हरिहरला कारखाना काढला आणि तिथे लेथ बनू लागले. तो कारखाना पुढे बंद पडला; त्याचे लेथ अजून हातोहात फिरतात.

मग माप बदलले. १९५६ साली कायदा झाला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, १९५८ पासून किलो-मीटर. वाण्याने वजने बदलली की झाले. लेथचे तसे नाही. आटे पाडताना हत्यार ज्या लांब दांड्याच्या तालावर सरकते, त्या लीडस्क्रूचे आटे जुन्या लेथवर बहुधा इंची असतात. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, आणि १२७ ही मूळ संख्या, तिचे लहान तुकडे पडत नाहीत. ६३ दातांवरही भागते; चूक आठ हजारांत एक, किरकोळ बोल्टला ती कळतही नाही. पण विकणाऱ्याने गिअरांचा डबाच हरवला असेल, तर लेथ स्वस्त का हे समजावे.

इंच नकोच, असेही नाही. घरातला नळ अजून अर्धा इंचीच आहे.

मुळशीत नांद्याच्या बाजूला आता बंगले झाले आहेत. तळघरात कारखाना थाटायची हौस असेल तर आधी जिना पाहावा. बाजारात लेथ बेडच्या लांबीवर, फुटांत विकला जातो. साडेचार फुटी म्हटला तरी वजन काही शे किलो. शिवाय त्याची मोटार थ्री फेज असते, घरी सिंगल फेज. सात इंची चिनी लेथ चाळीसेक किलोचा, दोघे जण सहज उतरवतील. पोलादावर जाड काप घेतला की तो थरथरतो. पितळ, ॲल्युमिनियम, घड्याळाचे भाग यांना तो पुरे. शेतीपंपाचा शाफ्ट करायचा असेल, तर जिना मोठा करा आणि जुनाच घ्या.

घेताना सॅडल चकजवळ नेऊन नीट घट्ट करावी आणि दुसऱ्या टोकाला सरकवावी. तिथे ती जाम झाली, तर बेड चकजवळ झिजला आहे. रंगाने ते लपत नाही. आणि आपल्याकडच्या पावसात तळघरातल्या लोखंडावर बघता बघता तांबूस थर चढतो. काम संपले की बेडवर तेलाचा हात फिरवायचा.