मला न दिसलेलं थ्रीडी

‘छोटा चेतन’ मी १९९८ साली साताऱ्यात पाहिला. तेव्हा मी आठ वर्षांची होते. पडद्यावरून काही बाहेर आलं की अख्खं थिएटर ओरडायचं. शेजारी बसलेला माझा आतेभाऊ चष्मा सावरत हवेत हात मारायचा. मला काहीच बाहेर येताना दिसत नव्हतं. तरी सगळे ओरडले की मीही ओरडत होते.

बाराव्या वर्षी डोळे तपासले तेव्हा कळलं, की माझा डावा डोळा ‘आळशी’ आहे. डोळ्यात दोष नाही, पण मेंदू त्याच्याकडून आलेलं चित्र मनावरच घेत नाही. पुढे मी त्रिमिती चित्रांबद्दल मिळेल ते वाचत गेले. जे आपल्याला दिसत नाही, ते इतरांना दिसतं तरी कसं, हे जाणून घ्यायचं होतं.

गंमत म्हणजे त्रिमिती चित्र कॅमेऱ्याच्या आधीचं आहे. अंगठा नाकासमोर धरून एकेक डोळा मिटून पाहा. अंगठा जागा बदलतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि त्यांच्यातल्या फरकावरून मेंदू खोली ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी हे १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. त्यांनी दोन आरसे कोनात बसवले आणि प्रत्येक डोळ्याला एक वेगळं रेखाचित्र दाखवलं. सपाट रेषा ठोकळ्यासारख्या उभ्या राहिल्या. हातानं काढलेली रेखाचित्रं वापरावी लागली, कारण फोटोग्राफी जगासमोर आली ती पुढच्या वर्षी, १८३९ मध्ये.

कॅमेरा आल्यावर सुरुवातीला एक फोटो काढून, कॅमेरा थोडा बाजूला सरकवून दुसरा काढत. मधल्या वेळात झाडाचं पान हललं तरी जोडी बिघडायची. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८५६ मध्ये दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. दोन्ही फोटो एकाच क्षणी निघू लागले. अशा कॅमेऱ्यांत भिंगांमधलं अंतर साधारणपणे माणसाच्या दोन डोळ्यांइतकं, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर ठेवत.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला डेव्हिड ब्रूस्टर यांच्या रचनेचा स्टिरिओस्कोप आवडला आणि त्याची लाटच आली. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप बनवला आणि त्याचं पेटंटही घेतलं नाही. दिवाणखान्यात बसून जग पाहायची सोय झाली. १९०७ मध्ये अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीनं जेम्स रिकाल्टन यांनी टिपलेली भारताची शंभर दृश्यं संचाच्या रूपात विकली. त्यात आपली मुंबईही होती. कधीही इथे न आलेल्या माणसांनी ती ‘खोल’ पाहिली.

या सगळ्या कार्डांवर खोली मात्र कुठेच नाही. तिथे दोन सपाट फोटो आहेत. खोली तयार होते ती पाहणाऱ्याच्या डोक्यात. ‘छोटा चेतन’चंही तेच: पडद्यावर एकाच वेळी दोन चित्रं आणि चष्म्याची प्रत्येक काच एकच चित्र आत सोडणारी. माझ्या डोक्यात ती जोडी जुळत नव्हती.

पण याच काळात एक दुसरी वाटही निघाली होती. १८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रान्स्वा विलेम माणसाला गोल दालनाच्या मध्यभागी उभं करून भोवतीच्या चोवीस कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो घेत. मग चोवीस बाजूंच्या त्या कडा गिरवून मातीचा पुतळा घडवत. इथे खोली डोक्यात भासत नाही, ती मोजली जाते.

तुमच्या हातातला फोन याच दुसऱ्या वाटेवरचा म्हणता येईल. २०१७ मध्ये आलेला आयफोन टेन चेहऱ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाशाचे तीस हजारांहून जास्त ठिपके टाकतो. नाकावर आणि गालावर ठिपके कसे सरकले, ते टिपून चेहऱ्याचे उंचसखल भाग मोजतो. काही कॅमेरे प्रकाश सोडून तो परत यायला किती वेळ लागला, ते मोजतात. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा हा हिशेब सेकंदाच्या अब्जांश भागांत चालतो.

मीही जग असं मोजूनच पाहते. सावली कुठे पडली, काय कशाच्या मागे झाकलं गेलं, मान हलवली की काय जास्त सरकतं, यावरून मला अंतर कळतं. चहा ओतताना मात्र किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून घेते.

आळशी डोळा लहानपणीच लक्षात आला, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला कामाला लावता येतं. वय वाढतं तसं ते अवघड होत जातं. गेल्या दिवाळीत आतेभावाला हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मग तेव्हा ओरडत कशाला होतीस?”

सगळे ओरडत होते म्हणून. तुमच्या शेजारी चष्मा लावून बसलेलं एखादं पोर उशिरा ओरडत असेल, तर त्याला एकदा विचारा, नेमकं काय दिसलं ते.